खाडा

बजबज हे नाव मराठी कानाला चमत्कारिकच लागते. बदलीचा हुकूम आला तेव्हा पुण्याच्या माझ्या थोरल्या बहिणीने विचारले होते, "अरे, असल्या बजबजपुरीत काय राहायला जातोस?" कोलकात्याच्या दक्षिणेस हुगळीच्या काठी वसलेले हे गाव तेलाच्या टाक्यांचे आणि तागाच्या गिरण्यांचे. सियालदहहून सुटणारी लोकल येथे येऊन थांबते. परदेशाच्या दौऱ्यानंतर कोलकात्याला येताना १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद याच धक्क्यावर उतरले. मुंबईत तेव्हा प्लेगने थैमान मांडले होते. मी एका तेल कंपनीच्या नोकरीनिमित्त येथे आलो आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. बजबजपुरी मात्र मला आमच्या गल्लीत कधी आढळली नाही. त्याचे श्रेय रोज सकाळी साडेसहाला वाजणाऱ्या एका शिट्टीला होते.

शिट्टीवाला रोजंदारीवरचा होता. ढकलगाडी घेऊन यायचा, पत्नीला 'माशीमा' म्हणायचा, मला नुसते 'बाबू'. २०२० च्या मार्चअखेर सारा देश दारे लावून बसला, लोकल बंद झाल्या त्या नोव्हेंबरपर्यंत. शिट्टी एक दिवसही चुकली नाही. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आम्हीही गच्चीवर थाळी वाजवली होती. तोंडाला गमछा गुंडाळलेला तो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच आला.

त्याच सुमारास मुंबई महापालिकेत असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. टाळेबंदीत कामावर येणाऱ्यांना पालिकेने रोजी ३०० रुपये भत्ता जाहीर केला होता. "मामा, जिवाचा भाव फुटला," तो हसत म्हणाला. मला हसू आले नाही. माझ्या पगारपत्रकातही जोखमीच्या भत्त्याचा एक रकाना होता. ज्वालाग्राही मालाजवळ काम करणाऱ्यांना तो मिळे. इतक्या वर्षांत माझे बोटसुद्धा भाजले नाही, पण तो रकाना कधी रिकामा राहिला नाही. रजेवर असलो तरीही.

मुंबईच्या त्या जुन्या प्लेगात सरकारला एक धास्ती होती. हलालखोर आणि झाडूवाले घाबरून गावी निघून गेले, तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, अशा आशयाचे तेव्हाचे पालिका आयुक्त स्नो यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. म्हणजे हे हात किती मोलाचे, हे सरकारला तेव्हाही कळत होते. मोल कळणे आणि मोल देणे यांत मात्र अंतर पडते. २०२० मध्ये केंद्राने आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात रुग्णालयातील सफाई कामगार होते. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, गल्लीत शिट्टी वाजवणारा त्यात कुठे बसतो, हे मी बराच वेळ शोधत राहिलो होतो.

पुढच्या वर्षी, मे महिन्यात, आजार आमच्या घरात आला. आधी पत्नीला, मग मला. रुग्णाच्या घरचा कचरा वेगळ्या पिवळ्या पिशवीत द्यायचा, हे मला ठाऊक होते. पण पिवळी पिशवी दाराबाहेर ठेवणे म्हणजे गल्लीला पाटी लावून सांगणे. पहिले दोन दिवस वापरलेले मास्क आणि रुमाल मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेहमीच्या बादलीत टाकले. तिसऱ्या दिवशी त्याने बादली उचलता उचलता विचारले, "बाबू, माशीमा दिसत नाहीत. घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही," मी खिडकीतून म्हणालो.

चौथ्या दिवशी मी पिशवी मागवली. आठवड्याने शिट्टी बदलली. दुसराच कुणी वाजवत होता, जरा लांबवून. पहिला तापाने पडल्याचे कळले. त्याला तो ताप माझ्याच बादलीतून लागला, असे कुणी म्हणू शकणार नाही. तो रोज किती दारांशी जाई! ही सबब मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

तो परतला तेव्हा ओळखू येईना, इतका वाळला होता. बारा दिवस खाडा झाला होता. त्या दिवसांचे काय मिळाले, असे विचारले तर त्याला प्रश्नच कळला नाही. हजेरी नाही तर रोज नाही, यात विचारायचे काय? तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मुंबईचा तो भत्तासुद्धा हजेरीवरच मोजलेला होता. रोज ज्या धोक्यासाठी पैसे द्यायचे, तो धोका खरोखर येऊन गाठतो त्या दिवशी माणसाच्या नावापुढे खाडा पडतो. आगीच्या जवळ नुसते बसल्याबद्दल मला मात्र पैसे मिळत राहिले.

बारा गुणिले ३००. घरात जाऊन मी ३६०० रुपये पाकिटात घातले आणि फाटकाशी त्याच्या हाती दिले. सांगायचे होते ते ओठांपर्यंत आले होते.

त्याने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग गमछा खाली ओढून तो हसला. "पुजोची बक्षिसी यंदा आत्ताच, बाबू?"

"हो," मी म्हणालो, "यंदा आत्ताच."

त्याने पाकीट कपाळाला लावून खिशात ठेवले, बादली गाडीत रिकामी केली आणि पुढच्या दाराशी जाऊन शिट्टी वाजवली.