वेगाचा रतीब

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने मोटार पाहिली नसावी. परंतु संसाराचे अर्थशास्त्र त्याला पुरते उमगले होते यात शंका नाही. वस्तूची किंमत एकदाच मोजावी लागते, आणि तिचा सांभाळ ती दारात असेतोवर करावा लागतो. गाय, घोडा, विहीर, घर यांच्या बाबतीत हे आपण सारे जाणतो. जुन्या वेगवान मोटारीच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांना याचा विसर पडतो. नवी असताना जी गाडी एखाद्या कारखानदाराच्या किंवा नामांकित शल्यविशारदाच्या दारातच शोभे, तीच बारा-तेरा वर्षांनी लहानशा नव्या गाडीच्या निम्म्या किमतीत मिळू लागते. किंमत उतरते, पण भूक जशीच्या तशी राहते. जातिवंत घोडा लिलावात स्वस्तात मिळाला म्हणून कडब्यावर दिवस काढत नाही. त्याचा रतीब हरभऱ्याचाच असतो.

बँकेतील नोकरीच्या अखेरच्या दिवसांत, २०१७ साली, असा एक घोडा मी दोन लाख तीस हजार रुपयांना आणला. गाडी २००४ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर. एस. इंजिन १७८१ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांना प्रत्येकी पाच याप्रमाणे वीस झडपा, टर्बोची जोड आणि शक्ती दीडशे घोड्यांची. लॉरिन आणि क्लेमेंट या दोन झेक गृहस्थांनी १८९५ साली सायकलींपासून आरंभ केलेल्या धंद्याची ही वंशज. ‘ऑक्टाव्हिया’ या नावात लॅटिनमधील ‘आठ’ दडलेले आहे. आठवे अपत्य म्हटले की आपल्याकडे खोड्या गृहीतच धरल्या जातात, तेव्हा तक्रारीला मुळातच जागा नव्हती.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी सौ.ने तिला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि मग शांतपणे विचारले, “अहो, घेताना किती लागले ते कळलं. ठेवायला किती लागतील?” मी बँकेचा माणूस, परंतु हा प्रश्न माझ्याआधी तिने विचारला, हे नमूद केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात मिळते तशी लाल कापडी बांधणीची वही आली. तिच्यात गेली आठ-नऊ वर्षे या गाडीची पै न् पै लिहिलेली आहे. आज मी जे सांगणार आहे ते त्या वहीच्या आधारे.

पहिली नोंद पडली ती सरकारदरबारची. गाडी पुण्याची, आम्ही बेळगावचे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास तेथील नोंदणी घ्यावी लागते. म्हणून पुण्याच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, मग कर्नाटकाचा आजीवन कर, मग के. ए. २२ ची नवी पाटी. सीमाप्रश्नाची ही छोटी आवृत्ती आमच्या फाटकात काही आठवडे उभी होती! आपल्या भागातून कोल्हापूर-पुण्याकडे जुनी गाडी पाहायला जाणाऱ्यांनी हा कर किमतीत धरूनच सौदा करावा. पुढे पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर, २०१९ साली, नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले, तेव्हा त्याचे शुल्क सहाशे रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार. विम्याचेही तसेच. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार हजार घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीला त्रयस्थ पक्षाच्या विम्यासाठी वर्षाला २,०९४ रुपये पडतात, तर दीड हजारांवरील इंजिनाला ७,८९७. गाडी महिनाभर झाकून ठेवली तरी हा आकडा हलत नाही.

दुसरी नोंद पेट्रोलची. गावात लिटरला नऊ, महामार्गावर तेरा किलोमीटर, सरासरी अकरा. त्यात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. जुन्या घडणीच्या मोटारींना अशा मिश्रणावर सहा-सात टक्के कमी अंतर मिळेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही आहे. मात्र टर्बोच्या इंजिनाला जो चढा ऑक्टेन अंक लागतो, तो या मिश्रणात साध्या पेट्रोलपेक्षा अधिक असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काळजी आहे ती रबराची. माझ्या गाडीचा जन्म या इंधनाच्या फार आधीचा. तेव्हा इंधनाच्या जुन्या नळ्या एकदा बदलून घेतल्या आणि दर सर्व्हिसिंगला त्या हाताने चाचपून पाहण्याचा नियम केला.

तिसरी नोंद मात्र खरी. तिला सौ.ने वहीत मथळा दिला आहे, ‘जिवाचे’.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या झोताने फिरणारी एक चक्री आणि त्याच दांड्यावर बसवलेली, आत हवा कोंबणारी दुसरी चक्री. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि त्याला तोलून धरतो तो केवळ तेलाचा पातळ थर. म्हणून येथे साधे तेल चालत नाही. पूर्ण सिंथेटिक तेल घालायचे आणि वर्ष भरले किंवा सात हजार किलोमीटर झाले की बदलायचे. गाळण्यांसह माझा खर्च आज साडेआठ हजारांच्या आसपास येतो. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. मिनिटभर संथ चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या दांड्यावरचे तेल जळून काजळी धरत नाही. या एका मिनिटाला पैसा लागत नाही, आणि ते वाचवण्यापायी कितीतरी टर्बो अकाली गेले आहेत.

त्यानंतर टाइमिंग बेल्ट. पिस्टन आणि झडपा यांना एका तालात ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. तो तुटण्यापूर्वी कुरकुरत नाही, कण्हत नाही. तुटतो त्या क्षणी पिस्टन झडपांवर आदळतात आणि इंजिनाचा बोजवारा उडतो. आमचे मिस्त्री साठ हजार किलोमीटर किंवा पाच वर्षे, जे आधी येईल ते, असा दंडक पाळतात. याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. पंप धडधाकट दिसला तरी पट्ट्याबरोबर तोही बदलावा, कारण तेथवर पोचण्याची मजुरीच मोठी, आणि पंपापायी सहा महिन्यांनी पुन्हा तेवढीच मोजण्यात शहाणपण नाही. २०१९ साली या कामाला चोवीस हजार लागले, २०२४ साली एकतीस.

ब्रेकच्या तेलाकडे सहसा कुणी पाहतच नाही. ते हवेतील ओलावा शोषते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरे असते तरी काय? डॉट-४ प्रतीचे कोरडे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आंबोलीचा घाट उतरताना ब्रेक सतत तापत राहिले, तेल उकळले, की पायाखालचे पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्याचा खर्च दीड हजारांच्या आतला. टायरचेही असेच. टायरच्या कुशीवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी घेतली तेव्हा टायरची नक्षी छान शिल्लक होती. खूण मात्र ०९११, म्हणजे २०११ सालच्या नवव्या आठवड्याची. सहा वर्षे उन्हात कडक झालेले रबर ओल्या डांबरावर काय पकड देणार? चारही टायर पहिल्याच महिन्यात उतरवले.

सुट्या भागांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकाच उद्योगसमूहातील निरनिराळ्या नावांच्या मोटारींत हेच इंजिन असे. त्यामुळे भागाचा क्रमांक पाहून मागणी केली, तर तोच भाग भावंडाच्या खोक्यात पुष्कळदा कमी किमतीला मिळतो. जे मिळत नाही, त्यासाठी आपल्या उद्यमबागेतील लेथ आहेत. इंजिनाच्या आधाराचा एक कंस मिस्त्रींनी तेथून असा घडवून आणला, की जुना कोणता आणि नवा कोणता हे ओळखू येऊ नये. महागड्या गाडीला बेळगावात राहणे परवडते ते अशा हातांमुळे.

आता बेरीज. २०१७ ते २०२४ या सात वर्षांत पेट्रोल सोडून, कर आणि विमा धरून, चार लाख वीस हजार रुपये खर्च झाले. म्हणजे गाडीच्या किमतीच्या पावणेदोन पटींहून अधिक. वर्षाला साठ हजार, महिन्याला पाच. वर्षाकाठी सात हजार किलोमीटर धावणे होते, त्या हिशेबाने देखभाल किलोमीटरमागे साडेआठ रुपये आणि पेट्रोल नऊ-सव्वानऊ. जो तो विचारतो, “ॲव्हरेज किती देते?” तेवढाच मोठा दुसरा अर्धा कुणी विचारत नाही.

२०२४ च्या अखेरीस गाडीला वीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती, आणि सारी देणी एकदम दारात आली. पट्टा एकतीस हजार, टायर चौतीस, क्लच अडतीस, नूतनीकरण पाच. एकूण एक लाख आठ हजार. घराला रंग देण्यासाठी साठवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती. निवृत्तिवेतनावर दोन्ही होणे शक्य नव्हते. विकून मोकळे व्हावे असे मी ठरवले आणि चार ठिकाणी सांगून ठेवले.

आठवड्यातच एक तरुण आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, नुकता नोकरीला लागलेला, डोळ्यांत गाडीचे वेड. तीन लाख द्यायला तयार. त्यांपैकी अडीच लाख पतसंस्थेच्या कर्जाचे. मी दिले होते त्याहून सत्तर हजार अधिक! त्याने कमाल वेग विचारला, ॲव्हरेज विचारले, संगणकातील मांडणी बदलून शक्ती दोनशे घोड्यांवर नेण्याचा मानस सांगितला. पट्टा आणि टायर यांविषयी मी बोललो तेव्हा म्हणाला, “ते नंतर बघू, काका.” दर शनिवारी मित्रांना घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जायचे, हे मात्र ठरलेले होते.

मी वही त्याच्यापुढे ठेवली. पगार अठ्ठावीस हजार, हप्ता नऊ हजार, देखभाल पाच, पेट्रोल पाच. उरलेल्या नऊ हजारांत त्याचे आणि त्याच्या आईचे घर चालायचे होते. ओढाताण झाली की माणूस जे दिसत नाही ते आधी पुढे ढकलतो, आणि या गाडीत जे दिसत नाही त्यावरच चार जणांचा जीव टांगलेला असतो. हे मी त्याला स्पष्ट सांगितले, आणि ही कामे आधी करून घेण्याइतके पैसे हाती असल्याशिवाय गाडी देणार नाही, हेही सांगितले. तो चिडला. “विकायची नसेल तर तसं सांगा ना! माझ्या पैशांचा हिशेब तुम्ही कशाला करता?” असे म्हणून तो उठला आणि चहा तसाच टाकून गेला. त्याच्या रागात वावगे काही नव्हते. दुसऱ्याच्या ऐपतीत डोकावण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? पण किल्ली माझ्या हातात होती, तोवर ती जबाबदारीही माझीच होती.

रात्री जेवताना मी सौ.ला सारे सांगितले आणि म्हटले, आता ना तीन लाख, ना घराला रंग. तिने ताकाचे भांडे पुढे सरकवले आणि म्हणाली, “भिंतीला रंग नसला म्हणून घर पडत नाही. गाडीचं करून टाका आधी. पोरगी पणजीहून तिच्यातच ये-जा करते.” त्या महिन्यात सारी कामे झाली. घराला रंग लागला तो पुढच्या दिवाळीत.

अशी गाडी घेऊ नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कोल्हापूरच्या रस्त्यावर पहाटे, मोकळ्या पट्ट्यावर, चौथ्या गिअरात तिचा टर्बो जागा होतो तेव्हा साठीच्या माणसाच्या ओठांवरही हसू येते; त्याचे मोल मी वहीत कुठे लिहू? पण घेणाऱ्याने किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवावी. ती नसेल तर गाडी परवडत नाही असे समजावे. टायरवरचे चार आकडे आणि पट्टा बदलल्याची पावती पाहिल्याविना सौदा करू नये. आणि मिस्त्री आधी शोधावा, गाडी मागून. आमचे मिस्त्री आता सत्तरीला आले आहेत. त्यांच्या हाताखालचा मुलगा पट्ट्याच्या खुणा जुळवायला शिकला आहे, परवाच्या सर्व्हिसिंगला त्याने ब्रेकचे तेल स्वतःहून तपासले आणि सांगितले, “अजून वर्षभर चालेल, पण पावसाळ्याआधी बदलू या.” वहीत मी ती तारीख लिहून ठेवली आहे.