आड, पोहरा आणि कोहळी

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विश्वशास्त्र आणि कणभौतिकी शिकवायला माणसं मिळत नाहीत म्हटलं की ही म्हण ठरलेलीच. म्हणणारा मोकळा होतो. भंडाऱ्यात मात्र ती मला नीट बसत नाही, कारण हा जिल्हा आडावर नाही, तलावांवर जगला. आडाचं पाणी जमिनीत असतं, खणलं की लागतं. तलावाच्या जागी आधी काहीच नसतं. उतार हेरायचा, पाळ घालायची आणि पावसाची वाट पाहायची.

त्या पाळी घालणारे कोहळी समाजाचे लोक मूळचे इथले नव्हेत म्हणे. चांद्याचा कुणी गोंड राजा काशीला गेला आणि येताना त्यांना घेऊन आला, अशी आख्यायिका आहे. तलाव बांधा, भिजेल ती जमीन कसा, एवढाच करार. नवेगावबांधचा तलाव बांधणारा कोलू पाटील तर पुढे कोलासुर नावाचा देव झाला. (नवेगाव 1999 पर्यंत भंडाऱ्यातच होतं.) एवढी बढती कुठल्या विद्यापीठाने अजून प्राध्यापकाला दिलेली नाही.

काशीवरून उलटी वाटही आठवते. 1932 मध्ये मदनमोहन मालवीयांनी केंब्रिजला शिकलेल्या कोल्हापूरच्या विष्णु वासुदेव नारळीकरांना बनारसला बोलावून गणिताचं प्राध्यापकपद दिलं. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. त्यांच्याभोवती सापेक्षतावादाचं काम उभं राहिलं. पुढे मुलाने, जयंतरावांनी, केंब्रिज सोडून 1972 मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था धरली आणि 1988 मध्ये पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. म्हणजे माणूस आणावा, त्याला जमीन द्यावी, पाणी येतं. गोंड राजा बरोबर होता.

पण मग प्रल्हाद चुनीलाल वैद्य आठवतात आणि हिशेब बिघडतो. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. 1942 मध्ये ते बायको आणि तान्ह्या मुलीसह, साठवलेल्या पैशांवर बनारसला नारळीकरांकडे जाऊन राहिले. 1943 मध्ये त्यांनी प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशकालाचं गणित मांडलं, ते आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ही भरती कुठल्या जाहिरातीने झाली? आरक्षणाची बिंदुनामावली नाही, मुलाखत नाही, पद नाही. आणि तरीही, बनारसला आधी कुणी पाळ घातली नसती तर वैद्य जाणार कुठे होते?

तेव्हा आधी पाळ की आधी पाऊस, हे मला सांगता येत नाही. शिवाय तलावाची एक गोष्ट बांधणाऱ्यांपेक्षा नंतरच्यांची आहे. मालगुजारी ही जमीनदारी 1951 च्या सुमारास गेली, तलाव सरकारजमा होऊन 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले आणि गाळ कुणी काढायचा हा प्रश्न उरला. तलाव जागेवरच आहेत, फक्त उथळ झालेत. पदांचंही असंच होत असावं: कागदावर जागा आहे, माणूस नाही.

हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. 2023 मध्ये केंद्राने तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिथे शिकलेली माणसं लागतील, आणि ती घडवायची कुठे तर भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांत. आयुकाने कॉलेजांतल्या शिक्षकांना दरवर्षी काही दिवस पुण्यात येऊन काम करायची सोय ठेवली आहे, हा एक बांध म्हणायचा. पण तिथे जायला आधी कुठेतरी पक्की नोकरी असलेली बरी. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, आणि उन्हाळ्यात तास नसतात.