स्टॉकहोमचा फेर आणि अहेरीची आठवण

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलीकडे स्टॉकहोमला होतो. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी तेथे मिडसॉमर हा मध्यग्रीष्माचा उत्सव असतो. तो आम्ही स्कान्सेन या १८९१ साली स्थापन झालेल्या खुल्या संग्रहालयात पाहिला. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा राहिला, व्हायोलिने वाजू लागली आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी हातात हात घेऊन त्याभोवती फेर धरला. बेडकांच्या गाण्यावर तर भारदस्त गृहस्थही उड्या मारीत होते!

खाण्यात हेरिंग मासे आणि नवे बटाटे. आमच्या वाट्याला तेवढी स्ट्रॉबेरी आली. सूर्य मावळतो रात्री दहानंतर, तेव्हा चौविहार कोणत्या घड्याळाने पाळायचा? सौभाग्यवतींनी गावच्या सवयीने सातलाच जेवण आटोपले.

त्या फेराने मला अहेरीत नेले. तेथील शाखेत मी तीन वर्षे होतो. भामरागडकडच्या एका वृद्ध माडिया खातेदाराने मला दोनदा रेला नृत्यासाठी गावी बोलावले होते. तोही असाच हातात हात गुंफलेला फेर. दोन्ही वेळा मी महिनाअखेरच्या हिशेबाचे निमित्त सांगितले. खरे तर साहेबाने तेथे जाऊन नाचणे मला कमीपणाचे वाटले होते.

स्कान्सेनमध्ये मात्र एका अनोळखी बाईंनी हात पुढे करताच मी निमूटपणे फेरात शिरलो. परतताना नातवाने विचारले, "आजोबा, तुमच्याकडे कसे नाचतात?"

मला एकही पाऊल दाखवता आले नाही.