बे-गम गावाची पाहणी

नववीच्या वर्गाला ‘कल्पनेतला समाज’ हा प्रकल्प दिला की मुलं आधी कार्डशीट आणि रंगपेटी मागतात. मग कागदावर कारंजी येतात, रुंद रस्ते येतात, बाग येते. त्या बागेची झाडलोट कोण करतं, कारंज्याला पाणी कुठून येतं, हे चित्रात कुठेच नसतं. म्हणून गेली काही वर्षं मी पहिले तीन आठवडे रंगपेटी उघडूच देत नाही. आधी पाहणी, मग गाव.

पहिला आठवडा ऐकण्याचा. असं गाव कल्पिणारे आपण पहिले नाही, हे मुलांना कळायला हवं. १०व्या शतकातल्या अल-फाराबींनी आदर्श नगरीला निरोगी शरीराची उपमा दिली. थॉमस मोर यांच्या १५१६ सालच्या ‘युटोपिया’त माणसं दिवसाला सहाच तास काम करतात. हे ऐकून वर्ग खूश होतो. मग मी सांगते, त्या बेटावर गुलामही आहेत आणि जनावरं कापण्यासारखी कामं त्यांच्याच वाट्याला आहेत. वर्ग गप्प होतो. संत रविदासांच्या बेगमपुऱ्याचं नाव काढलं की मुली हसतात. त्यांना ते बेगमांचं गाव वाटतं. मी फळ्यावर शब्द तोडून लिहिते : बे-गम. जिथे गम नाही ते गाव. तिथे कर नाही, कुणी दुय्यम नाही, कुठेही फिरायला मोकळीक आहे.

खरी खळबळ उडते ती बेगम रोकेया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’मुळे. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली ही कथा. तिच्यात पुरुष मर्दान्यात बंद आहेत, राज्य बायका चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. एका वर्षी एक मुलगा ताडकन उठला, ‘बाई, हा तर अन्याय आहे! सगळ्यांना घरात कोंडायचं म्हणजे काय?’ मुलींच्या बाकावरून आवाज आला, ‘तेच तर!’ त्या दिवशी मला आणखी काही शिकवावं लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात पाच-पाच जणांचे गट. पाणी, घर, काम, शिक्षण. नियम तीनच. जो ते काम करतो त्यालाच विचारायचं. मत नंतर, आकडा आधी. आणि जे उत्तर आपल्याला आवडलं नाही ते वहीत सर्वांत वर लिहायचं. पाण्याच्या गटात मी मुद्दाम मुलगे ठेवते. किती हंडे, किती खेपा, किती वेळ, हे त्यांनी आपल्याच अम्मीच्या, आपाच्या मागे फिरून मोजायचं. एका गटाने ‘घरोघर नळ’ असा ठराव केला होता. तेव्हा एक वयस्क खाला म्हणाल्या, ‘नळ घरात आला तर बरंच, बेटा, पण चार जणींशी बोलायला मी जाऊ कुठे?’ गटाने ठरावात बायकांसाठी एक कट्टा वाढवला.

तिसऱ्या आठवड्यात वह्यांची अदलाबदल. एका गटाचा कायदा दुसऱ्याने वाचायचा आणि त्यात कोण भरडलं जातं ते शोधायचं. घरांच्या गटात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांना शहरात बदली मिळाली, तेव्हा नाव ऐकताच खोल्या ‘आत्ताच गेलेल्या’ असायच्या. त्याने एकाच ओळीचा कायदा लिहिला : घर देताना भाडं विचारावं, नाव विचारू नये. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण वही कामाच्या गटाकडे गेली. त्या गटाने गटार साफ करणाऱ्यांची पाहणी केली होती. तिथल्या एका मुलीने विचारलं, ‘आपल्या मोहल्ल्यात त्यांच्यापैकी कुणाला खोली मिळाली आहे का?’ मुलाने घरी दादीला विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याने वहीत सर्वांत वर लिहिलं : ‘दादी काही बोलल्या नाहीत.’ आणि कायद्याखाली दुसरी ओळ घातली : हा कायदा आधी आपल्या दारावर लावावा.

आपल्यावरच्या अन्यायाची यादी आपल्याला तोंडपाठ असते, आणि ती खोटी नाही. मुलांनी ती मांडावीच. पण नवा समाज कल्पायचा तर त्या यादीच्या मागच्या पानावर आपण कुणाला दाराबाहेर ठेवलं तेही लिहावं लागतं. दोन्ही पानं एकाच वहीत आली, तरच त्या वहीला पाहणी म्हणता येतं.

स्वप्नाने काय होतं, असं पालक विचारतात. त्यांना मी रोकेयांचं पुढचं आयुष्य सांगते. कथेत राज्य चालवणाऱ्या बायका रंगवणाऱ्या या बाईने १९११ साली कलकत्त्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा पटावर अवघ्या आठ मुली होत्या. त्यांना आणण्यासाठी पडद्याची बंद गाडी ठेवावी लागली. स्वप्नात बायका हवेतून उडत होत्या. प्रत्यक्षात आधी गाडीच्या पडद्यावरून घासाघीस करावी लागली. ती त्यांनी केली.

गेल्या वर्षी शिक्षणाच्या गटातल्या मुलींनी शोधून काढलं, की तालुक्याच्या कॉलेजात प्रात्यक्षिकं साडेपाचला संपतात आणि गावाकडची शेवटची गाडी पाचला सुटते. दहावीनंतर किती मुली घरी बसल्या, हेही त्यांनी घरोघर जाऊन मोजलं. त्यांच्या कल्पित गावात साडेपाचनंतरची एक गाडी आहे. चित्र रंगवून झालं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे आणखी एक कोरा कागद मागितला, अर्ज लिहायला.