चार ते पाच

सांगलीच्या गावभागातली आमची व्यायामशाळा पाडली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हाच तिच्या भिंती खचल्या होत्या. 2021 च्या पुरानं उरलंसुरलं बळ काढून घेतलं. पाडायलाच हवी होती. जुन्या दगडांच्या मायेपोटी पोरांच्या अंगावर छप्पर पडू देणं काही शहाणपणाचं नव्हे. आता तळमजला मोकळा ठेवून दोन मजले चढताहेत. कुस्तीचा हौदा, शेंदरी मारुती, मुद्गलांच्या जोड्या, हळद-ताक घातलेली लाल माती यांच्यासाठी गावात पुष्कळांनी हळहळून घेतलं आहे. माझ्या मनात घर करून आहे ती बोळाच्या बाजूची छोटी खोली आणि तिथली दुपारची चार ते पाच ही वेळ. ती वेळ मुलींची होती.

खोलीत एक बार, एक लाकडी बाक आणि भिंतीला टेकवलेल्या बिडाच्या प्लेटा. प्लेटा इथल्याच कुठल्या तरी फौंड्रीत ओतून घेतलेल्या. त्यांच्यावर कोरलेल्या आकड्यांखाली पांढऱ्या ऑइलपेंटनं दुसरे आकडे रंगवलेले असत. ते मास्तरांचे. मास्तर मार्केट यार्डात तोलाईदार होते. सकाळभर हळदीची पोती तोलायची आणि दुपारनंतर आम्हाला लोखंड उचलायला शिकवायचं, हा त्यांचा दिवस. नखांच्या कडा कायम पिवळ्या. व्यायामशाळेतली प्रत्येक प्लेट त्यांनी हातगाडीवर घालून यार्डातल्या काट्यावर नेली होती. ज्या प्लेटवर 20 कोरलेलं होतं, ती भरली 18 किलो 700 ग्रॅम. त्यांनी तेवढंच रंगवलं. पहिलवान मंडळी चिडली. रातोरात प्रत्येकाची ताकद दोन-तीन किलोंनी उतरली होती. एकानं तर विचारलं म्हणे, "मास्तर, गेल्या वर्षीचं बक्षीस परत द्यावं लागतंय का?" मास्तर म्हणाले, "बक्षीस राहू दे. आजपासून खरं उचल."

शिकवताना ते फार कमी बोलत. बार नडगीला घासत वर आला पाहिजे. पाठ सरळ, बूड मागे, श्वास पोटात कोंडून धरायचा आणि बार वर गेल्यावरच सोडायचा. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा. ते जमलं नाही तर मागचंच वजन पुन्हा, न लाजता. पुढे शहरांतल्या मोठ्या जिममध्ये पुष्कळ शिकलेल्या प्रशिक्षकांकडून मी हेच ऐकलं. त्यात मास्तरांच्या शिकवणीच्या वर काही सापडलं नाही.

एक दुपार मी अजून घट्ट धरून आहे. मला बघायला पाहुणे यायचे होते सहा वाजता, ते आले साडेचारला. आई छत्री घेऊन तरातरा बोळातून आली आणि दारातूनच कडाडली, "पाहुणे येऊन बसलेत आणि तू इथं लोखंडाशी झटायलीस?" दाराच्या तोंडाशीच बार पडला होता. मास्तर उठून उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "वहिनी, आलाच आहात तर तेवढा बार जरा बाजूला घ्या. वाट अडलीय." ते थट्टा करत नव्हते. आईनं छत्री माझ्या हातात दिली, पदर खोचला, गुडघे वाकवले आणि पाठ जराही न वाकवता बार उचलून भिंतीकडे ठेवला. आम्ही मुली अवाक. आम्हाला महिनाभर जे साधत नव्हतं, ते ती नदीवरून भरल्या घागरी आणून आणून केव्हाच शिकली होती. मास्तरांनी खडू घेतला आणि फळ्यावर आमच्या नावांच्या वर लिहिलं : वहिनी, 46.

आई त्या आकड्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अजून थोडं घाला की."

घातलं. 51 झाले, 56 झाले. 61 ला तिच्या कपाळाची शीर फुगली, पण बार वर गेला. तिकडे पाहुण्यांना चहा शेजारच्या काकूंनी दिला, पोहेही त्यांनीच केले, आणि आम्ही मायलेकी घरी पोचलो तेव्हा मुलाची आई घड्याळाकडे बघत बसली होती. स्थळ जमलं नाही. आईनं त्याची खंत केलेली मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर मात्र तिनं सगळ्यांना आकडा सांगितला. काकूंनी तिथंच हिशोब मांडला : भरलेली गॅसची टाकी साधारण तीस किलोंची, म्हणजे वहिनी दोन टाक्या एकदम उचलते. त्यानंतर गल्लीत कुणाचं कपाट हलवायचं असलं, जातं सरकवायचं असलं, की आमच्या दारात हाक यायची. आई कुरकुरत जायची आणि खुशीत परत यायची. तिनं जन्मभर वजन वाहिलं होतं, पाणी, दळण, लाकडं, आम्ही पोरं. त्याचा आकडा तिला पहिल्यांदा कुणी सांगितला तो त्या खोलीत.

चार ते पाच ही वेळ फार टिकली नाही. कमिटीनं ठराव केला : मुली असल्या की बाहेर थांबलेल्या मुलांना अवघडल्यासारखं होतं, सबब वेळ बंद. मुलांना अवघडल्यासारखं होतं म्हणून मुलींनी घरी बसायचं, ह्या न्यायाचा राग मला तेव्हा आला आणि आजही तो तेवढाच ताजा आहे. खोलीत कॅरम आला. मास्तरांनी त्या सभेत विरोध केला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. एकट्यानं केला होता.

बायकांची पहिली जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा 1987 मध्ये अमेरिकेत डेटोना बीचला झाली; ऑलिंपिकनं बायकांना दार उघडायला 2000 साल उजाडलं. त्या वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं 69 किलो गटात 110 आणि 130 असे मिळून 240 किलो उचलले आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. मी पुण्यात होते, टीव्हीसमोर. पाणी डोळ्यांत आलं ते तिच्यासाठी आणि त्या फळ्यासाठीही. मास्तर तोवर गेले होते.

आता आईसाठी मी सांगलीला परत आले आहे. तिचे पाय गेले आहेत; पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत मीच उचलून नेते. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, आणि वजन उचलणं हा त्यावरचा एक भक्कम उपाय आहे. हे मला ठाऊक होतंच, पण पुन्हा बार हातात घ्यायला लावलं ते आईनं. तिला उचलून वजनकाट्यावर उभी राहिले तर काटा 99 दाखवतो. माझे 58, तिचे 41. मी ठरवलं की दोघींचं मिळून जे वजन, ते जमिनीवरून एकदा सरळ उचलायचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "नव्याण्णव हा काय आकडा झाला? मी किलोभर वाढवते, शंभर पुरे कर." तेव्हापासून ती जेवायला जास्तीची पोळी मागून घेते आणि माझ्याकडे सहेतुक बघते.

अंगणात फरशीवर जाड रबर टाकून मी सराव करते. मी आता 85 वर आहे. दूधवाला भाऊ रोज थांबून आकडा विचारतो आणि पुढच्या दारी सांगतो, त्यामुळे एखाद्या आठवड्यात वजन वाढलं नाही तर सगळी गल्ली काळजीत पडते. समोरच्या आजोबांनी निरोप धाडला की शंभर झाले की पेढे त्यांच्याकडून, पण पाठीला पट्टा बांध. टाकीवाला पोरगा जिन्याखाली टाकी ठेवून हसत म्हणतो, "मावशी, वर तुम्हीच न्या, सरावाला बरं." मी नेते. शहरातल्या जिममध्ये इतकी वर्षं घाम गाळला; तिथं मी किती उचलते याच्याशी कुणाचं काही देणंघेणं नव्हतं.

सांगलीनं मधल्या काळात पुष्कळ पुढची मजल मारली आहे. इथल्या संकेत सरगरनं 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्य मिळवलं; सुवर्ण एका किलोनं हुकलं. त्याची बहीण काजोल हिनं त्याच वर्षी खेलो इंडिया युवा स्पर्धेत सोनं आणलं. वडिलांची पानाची टपरी. त्या मुलीचा फोटो पेपरात आला तेव्हा आईनं तो कापून देवघराशेजारी लावला.

नव्या इमारतीच्या विश्वस्तांना मी पत्र दिलं आहे. एक, पुरातल्या गाळातून काढलेल्या जुन्या प्लेटा मागच्या शेडमध्ये गंजत पडल्या आहेत, त्या भंगारात घालू नका. रॉकेलनं पुसल्यावर दोन प्लेटांवरचा पांढरा रंग मला अजून वाचता आला. दोन, चार ते पाच ही वेळ बायकांना परत द्या, ठरावानं काढून घेतली तशी ठरावानंच. तीन, बाईमाणसाला आधाराशिवाय चढता येईल असा जिना करा, कारण समोरच्या काकू पंच्याहत्तरीच्या आहेत आणि त्यांनी नाव आत्ताच नोंदवलं आहे. पत्राखाली गल्लीतल्या बायकांच्या सह्या आहेत. पहिली आईची आहे, आणि सहीपुढे तिनं स्वतःच्या हातानं 61 लिहिलं आहे.