गाळलेले पाणी, तपासलेले पाणी

पाणी गाळून वापरावे, हा संस्कार आपल्या घरांत मुलांना अक्षरओळखीआधीच मिळतो. मात्र जे वस्त्रातून सहज पार होते, तेही जीवाला घातक ठरू शकते, हे मला सिरसाळ्यातील आमच्या घरच्या मत्स्यपेटीने शिकवले.

माझ्या मुलाला एका स्नेह्यांनी काचेची पेटी आणि दोन गोल्डफिश भेट दिले. आईला ते रुचले नाही. जीव कोंडून ठेवण्यापेक्षा विहिरीत सोडावेत, असे तिचे म्हणणे. तिची भावना निर्मळ होती. परंतु बाहेरून आणलेले मासे आपल्या पाण्यात सोडले, तर तेथील माशांच्या अन्नावर आणि अंड्यांवर गदा येते. एकावर दया करताना अनेकांची हानी होणार. तेव्हा मासे घरातच राहिले आणि त्यांच्या पाण्याची जबाबदारी आमच्यावर आली.

तिसऱ्या आठवड्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले. पाणी तर आरशासारखे नितळ! चाचणी-संचाचे थेंब टाकले, तेव्हा नळीतील पिवळा रंग हिरवा झाला. तो अमोनिया होता. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून तो तयार होतो. त्याला रंग नसतो. पाण्याचा सामू आणि उष्णता वाढली, की तो अधिक विषारी होतो. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास आणि दिवस चैत्राचे. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. पण त्यांचा जम बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आम्ही खाद्य अगदी कमी केले आणि रोज चतुर्थांश पाणी बदलले. मासे सावरले.

उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते. त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करते आणि त्या उपकारक जीवाणूंनाही मारते. म्हणून ते पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवूनच वापरतो. स्पंजदेखील नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळतो. पाणी आटले म्हणून केवळ वरून भर घालणेही पुरेसे नाही. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि पाणी अधिकाधिक कठीण होत जाते.

दुकानाचा रोजमेळ जुळल्याशिवाय आपण शटर ओढत नाही. तशीच एक वही मुलाने घातली आहे. दर रविवारी सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांचे आकडे तो तारखेसह लिहितो. पन्नास लिटरच्या पेटीतून आठवड्याला एक बादली पाणी काढतो. दुष्काळी मुलखात एका बादलीचे मोल आपण जाणतो. ते नायट्रेटयुक्त पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जाते.

नवे मासे आणायचे नाहीत, असे घरात ठरले आहे. हे दोन आहेत तोवर रविवारची नोंद चुकू नये, याकडे आता आईच लक्ष ठेवते.