आत्याबाईंच्या उशाचा दिवा

मैत्रिणींनो, तुमच्याकडे रात्री दिवा मालवून झोपत असतील. आमच्या सास्तूरच्या घरात तसं चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, अन् दगडामातीची माळवदं झोपेतल्या माणसांवर आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे चंद्र जवळजवळ पुरा होता, पण जाडजूड भिंतींच्या आत त्याचा काय उपयोग? तेव्हापासून आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, उशाशी दिवा लागतो. "कसला बी असू दे माय, पण अंधार नगं," एवढंच त्यांचं म्हणणं.

पत्र्याच्या शेडमध्ये होतो तेव्हा रॉकेलची चिमणी असे. माझा जीव सारखा तिच्यापाशी! वाकळ, लुगडं, आणि हातभर अंतरावर ज्योत. निरांजनावर वाटी पालथी घालून काजळ तुम्ही धरलं असेलच. मग ज्योत पिवळी का, याचं उत्तर त्या वाटीतच आहे. काजळीचे अगदी बारीक कण ज्योतीत तापून चमकतात, लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखे. उजेड त्यांचाच. वाटी आडवी आली की ते गार होऊन तिला चिकटतात. गॅसच्या निळ्या ज्योतीत काजळी जवळजवळ नसते, म्हणून भांडं स्वच्छ राहतं. पण त्या उजेडात तांदूळ निवडून बघा बरं!

पुढे झिरोचा बल्ब आला. नाव झिरो, पण जुन्या पद्धतीचा असला तर दहा-पंधरा वॅट खातो. तिथंही तापणंच, फक्त काजळीऐवजी टंगस्टनची तार. शंभर पैशांच्या विजेत जेमतेम पाच पैशांचा उजेड, बाकी सगळी उष्णता.

ट्यूबची तऱ्हा निराळी. आतल्या पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात, आणि नळीला आतून लावलेली पांढरी पूड त्यांचा उजेड करते. म्हणूनच ट्यूब फुटली तर केरसुणी फिरवू नका. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, अन् जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करा. आत्याबाईंना मात्र तो उजेड डोळ्यांत खुपायचा.

आता त्यांच्या उशाशी चार्जिंगचा छोटा एलईडी दिवा आहे. (चार्जिंगला तो दिवसा, अंथरुणापासून लांब, उघड्या फरशीवर ठेवते.) यात काही तापवून उजेड काढायचा नसतो, बारीकशा स्फटिकातून वीज जाताना तिथंच उजेड निघतो. तो असतो निळा, वरच्या पिवळ्या पुडीमुळे पांढरा दिसतो. दिवा बंद असताना आतले पिवळे ठिपके बघा. ज्या १९९३ साली आमचं गाव पडलं, त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमध्ये नाकामुरांचा लख्ख निळा एलईडी जाहीर झाला. २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल नोबेल मिळालं.

पहिल्या रात्री आत्याबाईंनी दिव्यावर तळहात ठेवला. "ह्याला ऊब न्हाई गं. काजव्यावानी हाय." किती नेमकं बोलल्या! काजव्याच्या पोटातलं रसायन आणि प्राणवायू यांच्यातून असाच गार उजेड निघतो. पण काजवा आपल्याला वाट दाखवायला थोडाच चमकतो? नर मादीला खुणावतो, मादी उत्तर देते. हे सांगितलं तेव्हा आत्याबाई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होत्या.